काँक्रीटची धूळ आणि कामगाराचीं फुप्फुसें

इमारतीच्या कामावर काँक्रीट कापण्याचें यंत्र फिरूं लागलें म्हणजे पाहतां पाहतां पांढुरका लोट उठतो व कापणारा माणूस त्यांत दिसेनासा होतो. तोंडाला त्यानें पंचा गुंडाळलेला असतो. सायंकाळीं तो कपडे झटकतो, तोंड धुतो आणि धूळ गेली असें समजून घरीं जातो. अंगावरची धूळ जाते हें खरें. परंतु जी घातक ती अंगावर राहिलेलीच नसते.

काँक्रीटमध्यें वाळू असते व वाळूंत गारगोटीचा अंश मोठा असतो. या गारगोटीच्या द्रव्यास सिलिका म्हणतात. वाळूचा कण जड असल्यामुळें तो खालीं पडतो. फिरतें पातें मात्र त्याचें असें पीठ करतें, कीं त्यांतील घातक कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनहि लहान असतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, हवेंत बराच वेळ तरंगतो व श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदीं टोंकाच्या वायुकोशांत जाऊन बसतो. शरीराच्या रक्षक पेशी त्यास गिळतात, पण पचवूं शकत नाहींत. त्या स्वतःच मरतात आणि त्या जागीं कठीण गांठी होतात. फुप्फुस हळूहळू ताठर बनतें. हाच सिलिकोसिस. बहुधा तो दहा वर्षांनीं किंवा त्याहूनहि उशिरां दिसूं लागतो. धूळ अतिशय असेल तर कांहीं महिन्यांतहि माणसास गांठतो. एकदां ताठरलेलें फुप्फुस पूर्ववत् करणारें औषध नाहीं. अशा फुप्फुसांत क्षय सहज शिरतो. १९९७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ही धूळ कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांतहि गणली.

हें सारें किती महाग पडतें याचें उदाहरण अमेरिकेंतील आहे. वेस्ट व्हर्जिनियांत हॉक्स नेस्ट येथें १९३० सालीं जलविद्युतेसाठीं सुमारें तीन मैलांचा बोगदा खोदण्यास आरंभ झाला. डोंगराच्या दगडांत सिलिका विपुल होती. दगडास भोंक पाडतांना पाणी सोडल्यास धूळ बसते, हें तेव्हांहि ठाऊक होतें. परंतु कोरडें काम लवकर उरकतें, म्हणून पाण्यास फांटा मिळाला. मजुरांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. पोटासाठीं ते दूरदूरच्या प्रांतांतून आलेले होते. कित्येक थोड्याच काळांत खोकून खोकून मेले. १९३६ सालीं अमेरिकन काँग्रेसपुढें त्याची चौकशी झाली. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मृतांचा अंदाज ७६४ देण्यांत आला. ज्ञानाचा अभाव हें त्यांच्या मृत्यूचें कारण नव्हतें.

उपाय आजहि तोच आहे: धूळ उडाल्यावर तिच्यापासून पळण्याऐवजीं ती जन्मते तेथेंच तिला भिजवावी. कापणाऱ्या पात्यावर पाण्याची धार सतत राहिली पाहिजे. मात्र साध्या विजेच्या यंत्रावर पाणी ओतणें म्हणजे मृत्यूस दुसरें दार उघडणें होय. पाण्यासाठींच बनविलेलें यंत्र घ्यावें आणि विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ जोडावी. पाणी चालत नसेल तेथें पात्यावर झांकण व धूळ ओढून घेणारें यंत्र असावें. कापल्यानंतरचा चिखल ओला असतांनाच उचलावा. वाळला कीं तो पुन्हां धूळ होतो. कोरड्या झाडूनें केर काढूं नये. पंचा हा कण अडवीत नाहीं. चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ सारखा मुखवटा उपयोगी पडतो, पण दाढीच्या केसांतून हवा शिरली तर तोहि व्यर्थ. शिवाय तो पाण्याची जागा घेऊं शकत नाहीं.

अमेरिकेंत २०१६ सालीं झालेल्या नियमानें आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा एका घनमीटर हवेंत ५० मायक्रोग्रॅम ठरविली. हें वजन साखरेच्या एका दाण्याहूनहि कमी! इतक्या अल्प धुळीचा अंदाज डोळ्यांनीं कसा यावा? म्हणून हवा स्वच्छ दिसते, या साक्षीवर विसंबणें धोक्याचें.

कामगार रोजावर असतो. पाण्याची व्यवस्था होईपर्यंत कापणार नाहीं, असें म्हणण्याचें बळ त्यास क्वचितच असतें. तें शब्द मालकानें, ठेकेदारानें व मुकादमानें उच्चारावयाचे आहेत. ज्याच्या घराचें काम चाललें असेल त्यानेंहि भिंतीस पातें लागण्यापूर्वीं पाण्याची नळी जोडली आहे कीं नाहीं, एवढें जातीनें पाहावें.