चिंटूचा आवाज

आज बोलूया चिंटूबद्दल. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आला. आमच्या आरेतल्या घरी त्याची पुस्तकं होती. मला वाचता येत नव्हतं तेव्हा आजोबा वाचून दाखवायचे. चिंटू, पप्पू, मिनी, सगळे त्यांच्याच घोगऱ्या आवाजात.

२०१२ मध्ये श्रीरंग गोडबोलेंचा सिनेमा आला. आजोबा तेव्हा नव्हते. पडद्यावरचा चिंटू बोलला आणि मला वाटलं, छे, हा तो नाहीच! बराच वेळ नुसती तुलना करत बसलो. मग त्या पोरांचं खेळायचं मैदान बळकावलं जातं, आणि मी गप्प. पुस्तकात तीन-चार चौकटींत सगळं मिटायचं. इथे पोरांना मैदानासाठी झगडावं लागतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा मला हाच, सिनेमातला चिंटू आठवला. म्हणजे तोही माझाच झाला होता की!

पण आवाज? परवा भाचीला पुस्तक वाचून दाखवत होतो. मध्येच थांबवून म्हणाली, "मामा, चिंटू असा म्हाताऱ्यासारखा का बोलतो?"