वाकळ आणि सातबारा

(हक्कसोडपत्र या विषयावर महिला शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



आजचा विषय हक्कसोडपत्राचा आणि मी काखेत वाकळ घेऊन आले. सकाळपासून दोघीतिघींनी विचारलं, "ताई, थंडी वाजते का?" थंडी वाजत नाही. पण या वाकळेबद्दल बोलल्याशिवाय मला हक्कसोडीबद्दल बोलता येणार नाही. तुमच्याकडे हिला गोधडी म्हणत असतील. आमच्या माणदेशात वाकळ म्हणतात.

ही हिरवी पट्टी माझ्या आजीच्या लुगड्याची. १९७२ च्या दुष्काळात आजी हेच लुगडं नेसून कामावर खडी फोडायला जायची. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, तिची भाकरी घेऊन जायची. हा निळा तुकडा माझ्या शाळेच्या कपड्याचा. हा लाल खण आईच्या लग्नातल्या चोळीचा. आत आण्णांची जुनी धोतरं आहेत, ती वरून दिसत नाहीत. १९८३ साली माझं लग्न ठरलं. त्या उन्हाळ्यात आईनं अंगण सारवून तिथं ही अंथरली. कडेनं टाके घालत घालत ती आत सरकत गेली. दुपारी शेजारच्या चुलत्या, मावश्या यायच्या, एकेक कोपरा धरायच्या. कोण किती टाके घालतं यावरून थट्टा चालायची. सासरी जाताना ट्रंकेत सगळ्यात खाली ही होती.

माहेरची ओढ म्हणजे नुसता भाबडेपणा, असं आपल्यातल्या काही जणी म्हणतात. मला ते पटत नाही. मी माहेरी गेले की पहिल्यांदा सोप्यातल्या खांबाला पाठ टेकून बसायची. कुणी काम सांगायचं नाही. आई हातात चहाचा कप द्यायची. वर्षातून आठ दिवस, पण त्या आठ दिवसांत मी कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. हेमा राईरकर आणि गी पॉत्वां यांनी खेड्यापाड्यांतून लाखभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत आईबाप, भाऊ आणि माहेर पुन्हा पुन्हा येतं. ज्या बाईला उसंत दुसरीकडे कुठंच मिळत नाही, तिला ती जिथं मिळते ते घर जपावंसं वाटणारच. हे सुख खरं आहे. आपल्याकडून सह्या घेतल्या जातात त्या याच सुखाच्या जोरावर, म्हणून हे आधी सांगितलं.

२००९ साली आण्णा गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. साडेचार एकर जिरायत जमीन आणि हे घर. आम्ही तीन भावंडं, मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी बहीण. तेराव्याचं जेवण झालं आणि चुलत्यांनी कागद काढला. भाऊ खाली बघत म्हणाला, "आक्का, साडेचार एकरात काय वाटे घालायचे? पाऊस हा असा, त्यात सोसायटीचं कर्ज." चुलते म्हणाले, "पोरींनो, आईच्या माघारी साडीचोळी कोण करणार? भाऊच ना? मग माहेर तोडू नका." मी तेव्हा पंधरा वर्षं संघटनेत काम करत होते. शिबिरांतून हाच कायदा सांगत होते.

मी सही केली.

बहिणीनं माझ्याकडं बघून केली. आईनं अंगठा दिला. तिचाही हिस्सा आहे हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. त्या रात्री सोप्यात झोपताना मला माहेर वाचवल्यासारखं वाटलं.

पाच वर्षांनी धाकटीचा नवरा वारला. दीर-जावांनी तिला नीट राहू दिलं नाही, ती दोन मुलं घेऊन माहेरी आली. भाऊ म्हणाला, "राहा की चार दिवस." तो वाईट माणूस नाही. वहिनीही वाईट नाही. पण चार दिवस म्हणजे चारच दिवस असतात. तिसऱ्या महिन्यात मुलांच्या दुधावरून बोलणं झालं, मग धान्यावरून. आईला वाटत होतं, परसातली खोली हिला द्यावी. ती तसं म्हणाली तेव्हा भाऊ म्हणाला, "आई, तूही अंगठा दिलायस." घर तेच होतं, खांब तोच होता. पण सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर आम्हा तिघींपैकी कुणाचंच नाव नव्हतं. बहीण तिथून उठली ती मुलं आणि आपली वाकळ घेऊन. तिलाही आईनं एक शिवून दिली होती.

आता कायद्याचं बोलते. वडिलांच्या मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहेच. पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हक्क फक्त मुलाला होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये तो मुलीलाही दिला, मात्र आधीच लग्न झालेल्या मुली वगळून. म्हणजे १९८३ ला लग्न झालेली मी त्यात बसत नव्हते. आणि १९५६ च्या कायद्यात कलम २३ होतं, ते ऐका. राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरवल्याशिवाय स्त्री वारसाला मागता येत नव्हती. घरात राहण्याचा हक्क मुलीला होता, पण ती अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. नांदत्या मुलीला ज्या घरात जन्मली तिथं राहण्याचा हक्कच नव्हता. 'लेक पाहुणी' हे नुसतं बोलणं नव्हतं, तसा कायदाच होता. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम २३ गेलं आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, त्यावर दुपारच्या सत्रात बोलू.

म्हणजे २००९ साली कायदा आमच्या बाजूनं होता. आम्ही आमच्या हातानं तो सोडला. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागं घेता येत नाही. फसवणूक झाली किंवा जबरदस्ती झाली हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं. आमच्यावर कुणी हात उगारला नव्हता. माहेर तुटेल ही भीती कोर्टात कशी सिद्ध करणार?

बहीण आता तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहते आणि वाकळा शिवून विकते. एका वाकळेला तिला वीस-बावीस दिवस लागतात, रोज चार तास. हातात बाराशे रुपये येतात. तासाला पंधरा रुपयेही पडत नाहीत. तिनं हा हिशेब मांडला तेव्हा मला आई आठवली. आईनं जन्मभर अशा किती वाकळा शिवल्या, किती शेणकूट केलं, किती भांगलण केली. तिची मजुरी कुणी मांडली नाही, आणि जमिनीच्या कागदावर तिचा फक्त अंगठा लागला, तोही हक्क सोडण्यासाठी.

म्हणून माझं सांगणं थोडक्यात असं. सुतकात कुठल्याही कागदावर सही करू नका. "वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू" एवढं म्हणायला काही भांडावं लागत नाही. वारस नोंदीत सगळ्यांची नावं लागू द्या, आणि आईचं नाव कुठल्याही परिस्थितीत काढू देऊ नका. तिच्या म्हातारपणाला तोच आधार आहे. भाऊ खरंच अडचणीत असेल तर जमीन त्याला कसू द्या, पीक त्याला घेऊ द्या, पण नाव राहू द्या. आणि हिस्सा सोडायचाच असेल तर तो समजून उमजून, कागद वाचून सोडा, साडीचोळीच्या भीतीनं नव्हे.

कुणी विचारेल, नाव लावलं आणि माहेर तुटलंच तर? काही ठिकाणी तुटतं, हे मी नाकारत नाही. दोनदोन वर्षं मूळ न आलेल्या मैत्रिणी इथं बसल्या आहेत. पण आमच्याकडं सही करूनही धाकटीचं माहेर तुटलंच.

आई २०१८ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत एक अर्धी शिवलेली वाकळ सापडली, सुई तशीच टोचून ठेवलेली. ती भाचीसाठी होती, भावाच्या मुलीसाठी. बहिणीनं आणि मी मिळून ती पुरी केली. मी अजून माहेरी जाते, खांबाला टेकून बसते. मागच्या दिवाळीला भाऊ म्हणाला, "आक्का, पोरीचं लग्न बघतोय." मी म्हटलं, "वाकळ तयार आहे. सातबाऱ्यावर तिच्या नावाचं काय?" तो काही बोलला नाही. येत्या दिवाळीला मी पुन्हा विचारणार आहे. तुम्हीही आपापल्या घरात विचारा.

एवढं बोलून थांबते.