बाळाची वही

मंडळी, आपल्याकडे बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा करतात. पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा, आणि शेजारी एक कोरा कागद व लेखणी ठेवायची. मध्यरात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी ही पूजा झाली. मला मुलगी झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. म्हणजे बाप होण्याच्या कामात मी जरा उशिराच दाखल झालेला विद्यार्थी. आईने कागद मागितला, मी एका वहीतले पान फाडून दिले. सकाळी पाहतो तो कागद जसाच्या तसा कोरा. मी हसून म्हटले, "आई, सटवाईने काहीच लिहिलेलं दिसत नाही." आई म्हणाली, "मग तू लिही. एम.ए. झालास ना?"

मी त्यावर मुलीच्या जन्माची तारीख, वेळ आणि वजन लिहिले. बाहेर पाऊस पडत होता, तेही लिहिले. तो कागद आमच्या वहीचे पहिले पान झाला. ज्यांच्या घरी नुकता पाळणा हलला आहे, किंवा लवकरच हलणार आहे, त्यांच्याशी आज या वहीविषयी चार शब्द बोलावे असा विचार आहे.

तुम्ही म्हणाल, आता घरोघरी मोबाइल आहे, बाळाचे रोज दहा फोटो निघतात, मग वही कशाला? माझ्याही मोबाइलमध्ये मुलीच्या पहिल्या वर्षाचे तीन हजारांवर फोटो आहेत. परवा पाहुण्यांना तिच्या उष्टावणाचा फोटो दाखवायचा म्हणून शोधू लागलो. चहा निवाला, पाहुणे उठले, फोटो काही सापडला नाही. आणि सापडला असता तरी त्याने काय सांगितले असते? खिरीचा पहिला घास कोणी भरवला, तिने तोंड कसे केले, खीर कोणी केली होती, यातले काही फोटोत येत नाही. फोटो मुका असतो हो. त्याच्याजवळ कोणीतरी बसून दोन ओळी लिहाव्या लागतात.

न लिहिल्याने काय होते, हे आपल्या शिक्षक बंधुभगिनींना मी सांगायला नको. शाळेचे जुने दाखलपुस्तक उघडावे आणि जन्मतारखांचा रकाना पाहावा. एक जून, एक जून, एक जून! निम्मा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला की काय असे वाटावे. बाप मुलाला घेऊन शाळेत येई, त्याला तारीख माहीत नसे, आणि गुरुजी वयाचा अंदाज करून एक जून लिहून मोकळे होत. माझी आई पुरंदर तालुक्यातली. तिचाही वाढदिवस कागदोपत्री एक जूनच. पण तिची आई सांगत असे, "तू झालीस तेव्हा खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती." म्हणजे जन्म माघ-फाल्गुनातला असणार, जूनमध्ये कसली आली आहे ज्वारीची मळणी? आईचा खरा वाढदिवस आम्ही कधीच साजरा केला नाही, कारण तो कोणालाच ठाऊक नाही. सरकारी नोंद नव्हती असे नाही. गावोगावी कोतवाल बुक असे, आणि जातीच्या दाखल्यासाठी आजही लोक त्याच्या नकला काढीत हिंडतात. पण त्यात पुष्कळदा बापाचे नाव आणि पुढे नुसते "मुलगा" किंवा "मुलगी" एवढेच सापडते. बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली, मग नाव कुठून येणार? पुढे 1969 साली जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला. आता जन्म एकवीस दिवसांच्या आत कळवायचा असतो, खेड्यात ग्रामपंचायतीत ते काम होते. हे फार चांगले झाले. ते अवश्य करावेच. परंतु मळणी काही त्या दाखल्यात येत नाही.

आमच्या पुण्यात गेल्या शतकात पुष्कळ घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापून घेतले. मूळ पुरुष कोण, कोणत्या गावाहून आला, कोणाला किती मुले झाली, सारे शिस्तवार. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे मला या ग्रंथांविषयी आदर आहे. मात्र त्यांतली स्त्रियांची हकिकत फार आखूड. सून आली की तिच्या नावाची एक ओळ, मुलगी लग्न होऊन गेली की तिची शाखा बहुधा तिथेच तुटते. मला मुलगी झाल्यापासून ते तुटलेले टोक अधिकच टोचू लागले आहे.

आता एका फोटोची गोष्ट सांगतो.

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक जुना फोटो आहे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खुर्चीवर माझी आजी बसली आहे, तिच्या मांडीवर कुंची घातलेले, गालाला तीट लावलेले एक मूल. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 1949 सालचे. त्यांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता, तो दीड वर्षाचा होऊन गेला. मग फोटोतले मूल कोणते? अण्णा, की त्यांचा तो थोरला भाऊ? पुठ्ठ्यामागे शाईने काहीतरी लिहिलेले होते खरे. पण आमचे घर तेव्हा नारायण पेठेत होते, नदीपासून जवळ. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अण्णा बारा वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी ट्रंक चिखलातून उपसून काढली आणि कागद वाळत घातले. फोटो वाचला. मागची अक्षरे गेली, निळा डाग तेवढा उरला. पुण्यात अशा ट्रंका घरोघर निघतील.

खरी चूक पुराची नाही, माझी आहे. आजी 2001 सालापर्यंत होती. तिच्या शेजारी बसून मी परीक्षेसाठी पेशव्यांच्या वंशावळी पाठ करीत असे, आणि हाताच्या अंतरावर असलेल्या बाईला, "आजी, हा कोण गं?" एवढे विचारायचे मला सुचले नाही. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले, घरच्या मंडळींना जी रद्दी वाटे तिच्यातून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी केली, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. सांगताना आवाज चढतो. घरच्या ट्रंकेबाबत मात्र मी त्याच घरच्या मंडळींपैकी एक निघालो.

पुण्यात आलात तर शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय अवश्य पाहा. कित्येकांना नावावरून वाटते की हा कोणा राजाचा संग्रह असावा. तसे नाही. दिनकर गंगाधर केळकर हे "अज्ञातवासी" या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ, त्यांचा चष्म्यांचा धंदा होता. राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच वारला. बापाने आपल्या साऱ्या संग्रहाला त्याचे नाव दिले. नीट वाचा म्हणजे ध्यानात येईल, मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव. शाळेच्या हजेरीत गुरुजी पुकारतात तसे ते पुरे नाव आहे. आणि संग्रह कसला? अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्ऱ्या! वीस हजारांवर वस्तू, त्यांतल्या पुष्कळशा बायाबापड्यांच्या रोजच्या हाताळण्यातल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना या कामी साथ होती. 1975 साली केळकरांनी सगळे शासनाच्या स्वाधीन केले. 1990 साली ते वारले. मी मुलीला कडेवर घेऊन तिथे गेलो, तेव्हा दारावरचे नाव प्रथमच नीट वाचले. आधी चार-पाच वेळा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो, पण तेव्हा मी कोणाचा बाप नव्हतो.

आपण काही संग्रहालय काढणार नाही. आपल्याला एक वही पुरे. आणि ही कल्पना परक्या देशातली आहे असेही समजू नका. आपली गोधडी काय असते? आजीचे इरकली लुगडे, आईची पहिली साडी, बापाचा विटलेला सदरा, सगळे तुकडे टाके घालून एकत्र केलेले, आणि त्यावर बाळ निजलेले. आमच्या गोधडीतला हिरवा तुकडा आईच्या लग्नातल्या शालूचा आहे. हे मी वहीत लिहून ठेवले, नाहीतर आणखी वीस वर्षांनी तो नुसता हिरवा तुकडा राहिला असता.

वही जाड कागदाची घ्यावी, दोनशे पानी पुरे. दुकानात बाळाचे आल्बम मिळतात, चित्रांचे, चकचकीत. मला ते आवडत नाहीत, त्यांत लिहायला जागाच नसते. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ उत्तम. चिकटपट्टी मुळीच नको, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि सुटून येते. पुस्तक बांधणारे खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, पण ते विष आहे. घरात रांगते मूल असेल तर त्याच्या नादी लागू नये. पोथ्यांच्या कापडात पूर्वी वेखंड ठेवीत, ते ठेवावे. बाळगुटीच्या सहाणेवरचे वेखंड बाळाच्या वहीच्याही उपयोगी पडते, ही एक गंमत. फोटोमागे लिहायचे तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. शाई पाण्याने पसरते, हे आमच्या घराने पुरेसे अनुभवले आहे. सोनोग्राफीचा कागद, म्हणजे बाळाचा पोटातला पहिला फोटो, उष्णतेने उमटवलेला असतो, तो हळूहळू फिका होत जातो. त्याची झेरॉक्स वेळीच काढून ठेवा.

फोटो नसले तरी अडत नाही. अंगणवाडीतून माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, त्यात बाळाच्या वजनाची रेघ चढत गेलेली असते, त्याची नक्कल लावा. कुंकवाच्या पाण्याने उमटवलेले पाऊल, बोरन्हाणाच्या दिवशीची एक ओळ, जावळ कोणाच्या मांडीवर काढले, आजी पाळण्यापाशी काय गुणगुणत असे. आजीचे शब्द तिच्याच बोलीत लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. हे मास्तर सांगतो आहे, तेव्हा खुशाल ऐका.

आणि वहीत सगळे गोडच असावे असा हट्ट धरू नका. मुलगी दोन महिन्यांची असताना एकदा वही उघडली, तर पत्नीच्या अक्षरात लिहिलेले दिसले, "आज चौथी रात्र झोप नाही. आज मला ही नकोशी वाटली. नंतर खूप रडले." मी चरकलो. रात्री तिला म्हटले, "हे पान काढून टाकू का? मोठी होऊन पोर वाचेल." ती म्हणाली, "वाचू दे. तिला मूल होईल तेव्हा तिला कळेल, की असं आपल्याच आईला वाटलं होतं, आणि ते गेलं." त्या रात्रीपासून दोन वाजल्यानंतर मुलीला घेण्याची पाळी माझी ठरली. डॉक्टरांनाही हे सांगितले. बाळंतिणीला असे होते, ते लपवू नये, आठवडे गेले तरी ओसरले नाही तर दाखवायलाच हवे, असे ते म्हणाले. पान जागेवर आहे.

शिक्षकांना एक विनंती. चौथी-पाचवीच्या मुलांना सुट्टीत सांगावे, घरी जाऊन विचारा, "मी झालो तेव्हा शेतात काय होतं? पाऊस होता का? पहिल्यांदा कोणी घेतलं?" म्हातारी माणसे साल सांगणार नाहीत, पण "बहात्तरच्या दुष्काळात", "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा" असे सांगतील. भूकंप 11 डिसेंबर 1967चा. साल मुलाने लावून घ्यावे. ज्याच्या घरी सांगणारे कोणी नाही, अशा मुलाला मात्र चारचौघांत विचारू नये.

आमच्या वहीत मी त्या जुन्या फोटोची प्रत चिकटवली आहे. खाली लिहिले, "हे तुझे आजोबा असावेत, किंवा त्यांचे थोरले भाऊ. मागची अक्षरे 1961च्या पुरात गेली." अण्णांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पुष्कळ वेळ पाहिले. मग पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या ओळीतल्या "थोरले भाऊ" या शब्दांवर त्या भावाचे नाव लिहिले. त्यांना असा भाऊ होता हे मी लहानपणापासून ऐकत होतो. त्याचे नाव मला त्या दिवशी कळले.