खरीप, रब्बी आणि सलालाचा पाऊस

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला मृगाच्या सरी आल्या की पारावर एकच विषय असतो: यंदा खरिपाला सोयाबीन किती, तूर किती. हा खरीप शब्द आणि त्याचा जोडीदार रब्बी, दोन्ही मूळचे अरबी. तिकडे खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत.

आता गंमत बघा. आपण खरीप पेरतो जून-जुलैत, भर पावसाळ्यात. मग नाव शरदाचं का? कारण ते काढणीवरून पडलं. हे शब्द फारसी दफ्तरांतून आपल्याकडे आले. माल खळ्यावर आल्याशिवाय सारा मिळायचा नाही, त्यामुळे दफ्तराचं लक्ष पेरणीपेक्षा काढणीवर असणार, असं मला वाटतं. मूग-उडीद भादव्यात निघतात, सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास; तिथवर हिशेब जुळतो. तूर मात्र पौषापर्यंत शेतात उभी, तरी ती खरिपाचीच. आपल्याकडची हळद तर मे-जूनमध्ये लावायची आणि काढायची थेट माघ-फाल्गुनात. तिला कोणत्या रकान्यात बसवाल?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कागदावर साल असायचं फसली, म्हणजे इसवी सनापेक्षा ५९० वर्षांनी मागे. फसल हा शब्दही अरबीच. त्या राज्यात मराठीबरोबर तेलुगू आणि कानडी बोलणारेही होते. त्या दोन्ही द्राविडी भाषा. अरबीचं कूळ सेमिटिक, मराठीचं तिसरंच. तरी तिन्ही भाषांच्या सरकारी कागदांवर खरीप-रब्बी बसले. घरच्या बोलीत कानडी शेतकरी मुंगारू-हिंगारू म्हणत राहिला. तेलंगण सरकारने तर अलीकडे आपल्या कारभारात वानाकालम् आणि यासंगी हे तेलुगू शब्द आणले. आपण मराठीत फक्त फ चा प केला आणि ब ला जोड दिली.

पण अरबी मुलखातही एक कोपरा असा आहे की तिथला खरीफ आपल्या खरिपाच्याच दिवसांत येतो. ओमानच्या दक्षिणेला ढोफार प्रांतात सलाला शहर आहे. आपल्याला पाऊस देणारे नैर्ऋत्य मोसमी वारे त्या किनाऱ्यालाही लागतात. जून ते सप्टेंबर तिथे धुकं आणि झिमझिम असते, उघडे डोंगर हिरवे होतात आणि त्यावर उंट-गुरं चरतात. या दिवसांना तिथली माणसं खरीफच म्हणतात. ती झिमझिम अंगावर घ्यायला आखाती देशांतली कुटुंबं गाड्या भरून सलालाला जातात.