रातांब्याचे अमृत कोकम आणि कोकमाचा गार चहा

आज रातांब्याविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांत आणि तिकडे गोव्यात कोकमाचे झाड कुणाला ओळखून दाखवावे लागत नाही. परड्यात एखादे, वहाळाच्या काठाला एखादे, असे ते असतेच. एप्रिल-मे महिन्यांत फळे पिकू लागतात आणि पुष्कळशी फळे नेमकी पावसाच्या तोंडावर तयार होतात. अमसुले वाळवायला ऊन लागते. आभाळ भरून आले की वाळवण राहते, मग झाडाखाली लाल सडा पडतो आणि दोन सरींत त्याचा चिखल होतो. दुसरीकडे त्याच घरात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसाठी दुकानातून रंगीत सरबताच्या बाटल्या येतात. मुलांसाठी तयार गार चहाच्या पुड्या येतात. आपले फळ मातीत आणि आपला पैसा दुकानात, असा हा व्यवहार आहे.

यावर साधा उपाय म्हणजे अमृत कोकम, म्हणजेच कोकमाचे गोड सिरप. त्याला ऊन लागत नाही, चूल पेटवावी लागत नाही, यंत्र तर नाहीच. लागते ती साखर, एक बरणी आणि आठवडाभर रोज पाच मिनिटे.

फळे कोणती घ्यावीत?

पूर्ण पिकलेली, गडद लाल किंवा जांभळट लाल झालेली, टणक फळे घ्यावीत. हिरवट फळाला रंग कमी आणि आंबटपणा उग्र असतो. शक्यतो फळे झाडावरून काढावीत. झाडाखाली जुने कापड किंवा ताडपत्री अंथरून फांदी हलवली तरी चालते, पण ओल्या मातीत पडून फुटलेले फळ सिरपाला घेऊ नये. फुटलेल्या जागी बुरशी आणि आंबवणारे जंतू शिरलेले असतात. असे एक फळ सगळी बरणी बिघडवू शकते. पाऊस सुरू होण्याआधी जी फळे निघतील ती सिरपाला ठेवा.

जाड सालीचे फळ या कामाला चांगले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जातींची साल जाड असते. आपल्या जुन्या झाडांतही जाड सालीचे एखादे झाड असतेच. ते कोणते, हे घरातल्या बायकांना बरोबर ठाऊक असते. त्यांना विचारा.

कृती

फळे स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावीत आणि कापडाने पुसून पूर्ण कोरडी करावीत. नंतर फळ मधोमध कापून बिया गरासकट काढून घ्याव्यात. बिया टाकू नका, त्यांचे काय करायचे ते पुढे सांगतो. राहिलेल्या सालीचे मोठे तुकडे करावेत. फळाच्या वजनाच्या साधारण निम्मी साल निघते, म्हणजे ५ किलो रातांब्यांपासून सुमारे अडीच किलो.

आता प्रमाण. हे नीट लक्षात ठेवा, शक्य तर लिहून घ्या. १ किलो सालीला २ किलो साखर. अडीच किलो सालीला ५ किलो साखर.

हे प्रमाण वजनाचे आहे, वाटीचे नव्हे. सालीचे तुकडे वाटीत पोकळ बसतात आणि साखर दाबून बसते, त्यामुळे मापाने घेतले तर हिशेब चुकतो. घरी तागडी नसेल तर साल दुकानात नेऊन वजन करून आणावी.

चिनी मातीची किंवा काचेची बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करावी. तळाला साखरेचा थर, त्यावर सालीचा थर, पुन्हा साखर, पुन्हा साल, असे थर द्यावेत. सगळ्यात वर साखरेचाच थर असावा. तोंडाला स्वच्छ फडके बांधून वर झाकण ठेवावे आणि बरणी घरात सावलीत ठेवावी.

काही घरांत ही बरणी उन्हात ठेवतात. उन्हाने साखर लवकर विरघळते हे खरे आहे, पण कोकमाचा लाल रंग उष्णतेने आणि प्रखर उजेडाने उडतो. सावलीत दोन दिवस जास्त लागले तर लागू द्यावेत.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ कोरड्या लाकडी किंवा स्टीलच्या पळीने बरणी तळापासून ढवळावी. साखर खाली बसते आणि वरची साल उघडी राहते. बुरशी धरते ती या उघड्या सालीवर. साधारण ७ दिवसांत साखर विरघळते, सालीतला रस पाकात उतरतो आणि साल आकसून चिवट होते. तळाला साखर दिसेनाशी झाली की सिरप स्वच्छ, कोरड्या कापडातून गाळावे. चवीपुरते मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी आणि कोरड्या बाटल्यांत भरावे. बाटलीवर तारखेची चिठ्ठी लावावी.

५ किलो रातांब्यांपासून ६ किलोच्या आसपास, म्हणजे साडेचार लिटरच्या जवळपास सिरप मिळते. एका ग्लासाला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ते ३५ मिलिलिटर पुरते. म्हणजे सव्वाशे ग्लास झाले की नाही?

साखर कमी का करू नये?

गावोगाव भेटतो तिथे हा प्रश्न हमखास येतो. “साहेब, साखर केवढी महाग! निम्मी घातली तर नाही का चालणार?” नाही चालणार. का, ते ऐका.

ताज्या सालीत बहुतेक पाणीच असते, १ किलोत साधारण ८०० ग्रॅम धरा. त्यात २ किलो साखर घातली की पाकात साखरेचे प्रमाण शेकडा ७० च्या घरात जाते. एवढ्या दाट पाकात जंतूंना वाढायला लागणारे पाणी उरत नाही, साखर ते बांधून ठेवते. मात्र २ किलोऐवजी १ किलो साखर घातली तर प्रमाण शेकडा ५५ वर येते. तेवढ्यात आंबवणारे जंतू जगतात. मग फेस येतो, बाटलीचे झाकण उडते आणि सगळा माल ओतून द्यावा लागतो. साखर वाचवायला गेलो आणि साखर, फळ, मेहनत तिन्ही गेले, असे होते.

म्हणूनच बरणीला पाण्याचा थेंब लागू देऊ नये. ओला हात नको, ओला चमचा नको. फेस आला, आंबूस दारूसारखा वास आला किंवा वर बुरशीची साय दिसली, तर ते सिरप पिऊ नये आणि पाहुण्यांना तर मुळीच देऊ नये.

भांड्यांचेही पथ्य आहे. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ आणि लोखंड यांना कोकमाची आंबट लागते, भांड्याची धातू रसात उतरते. काच, चिनी माती किंवा स्टीलच वापरावे. बाजारातला लाल रंगही घालू नका. रातांब्याला देवाने दिलेला रंग पुरेसा आहे.

कोकमाचा गार चहा

आता मुलांच्या आवडीची गोष्ट. शहरात फळाच्या स्वादाचा आंबट-गोड गार चहा विकत मिळतो. तोच आपल्या सिरपापासून घरी होतो, आणि त्यात खरे फळ असते.

चार माणसांसाठी ६०० मिलिलिटर, म्हणजे तीन मोठे ग्लास पाणी उकळावे. आल्याचा लहान तुकडा ठेचून आणि गवती चहाच्या दोन पाती त्यात टाकाव्यात. पाण्याला उकळी आली की भांडे खाली उतरवावे आणि मगच दोन लहान चमचे चहा पावडर घालून झाकण ठेवावे. बरोबर ३ मिनिटांनी गाळावे. आपल्या नेहमीच्या चहासारखी पावडर खळखळ उकळू नये. दुधात तो कडवटपणा खपून जातो, बिनदुधाच्या गार चहात तो घशाला लागतो.

गाळलेला चहा आपोआप निवू द्यावा. कढत चहावर एकदम बर्फ टाकला तर तो गढूळ होतो. निवल्यावर त्यात नऊ-दहा मोठे चमचे अमृत कोकम आणि चिमूटभर मीठ घालून ढवळावे. आंबटामुळे चहाचा काळपट रंग उजळतो आणि वर कोकमाची लाली चढते. पुदिन्याची दोन पाने घातली तर बहार. फ्रीज नसेल तर भांड्याभोवती ओले फडके गुंडाळून वाऱ्याला ठेवावे किंवा चहाला माठातले पाणी वापरून तो थोडा दाट करावा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. या चहात दूध घालू नये, कोकमाच्या आंबटाने ते फाटते. आणि बंदरावर मासळीसाठी येणारा बर्फ पिण्याच्या वस्तूत कधीही घालू नये. तो खाण्यासाठी केलेला नसतो. उकळून गार केलेल्या पाण्याचा घरचा बर्फ असेल तरच घालावा.

लहान मुलांसाठी चहा पावडर वगळून नुसत्या गवती चहाच्या पाण्यात सिरप घालावे, तेही छान लागते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी सिरप टाळावे. त्यांना चार अमसुले पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून बिनसाखरेचा गार चहा करून द्यावा. रक्तदाब असलेल्यांनी अमसुलातले आणि आगळातले मीठ लक्षात ठेवावे.

आणखी एक. दाट सिरप गार, अंधाऱ्या जागी पुढच्या हंगामापर्यंत टिकते. पण त्यात पाणी किंवा चहा मिसळला की त्याचे राखण संपते. केलेला गार चहा त्याच दिवशी संपवावा.

उरलेल्याचे काय?

गाळून राहिलेली साल गोड-आंबट असते. ती दोन-तीन दिवस ऊन देऊन वाळवली की मुले गोळीसारखी चघळतात, किंवा तिची चटणी होते. बियांभोवतीच्या गरात मीठ घालून गाळले की आगळ मिळते, सोलकढीची सोय झाली. बिया धुऊन, वाळवून ठेवल्या की पावसाळ्यात सवडीने मुठेल काढता येते. थंडीत भेगाळलेल्या टाचांना त्याचा उपयोग आपल्या आज्यांनी केलाच आहे. म्हणजे रातांब्यातले काही म्हणता काही वाया जात नाही.

घरापुरते जमले की चार बाटल्या विकाव्यात असे वाटेल, आणि वाटावेच. पण विक्रीसाठी करायचे असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे आधी नोंदणी करावी लागते, आणि बाटलीवर घटक, वजन, तारीख छापावी लागते. बचत गटातल्या भगिनींनी मिळून केले तर साखर एकत्र घेता येते आणि कामही हलके होते. तालुका कृषी कार्यालयात याची चौकशी करावी.

तर बंधूंनो, मिरगाची वाट बघत बसू नका. पहिल्या वर्षी पाचच किलो फळे घ्या आणि १ ला २ हे प्रमाण मोडू नका. गणपतीला चाकरमानी पुन्हा येतील, तेव्हा त्यांच्या हातात आपल्याच झाडाचा लाल ग्लास असू दे.