बरणीतली पिशवी

पाळी जाऊन वर्षं लोटली आणि पुन्हा अंगावर लाल जाऊ लागलं, तर लगेच डॉक्टर गाठायचा, हे तुम्ही जाणताच. मला बोलायचंय ते त्यापुढचं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, की काढलेल्या पिशवीकडे कोण बघतं?

२०१३ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलासने ३७३ गाठी तपासून या रोगाचे चार गट पाडले. एका गटाचा रोग सहसा परतत नाही, एकाचा बरेचदा त्रास देतो. २०२३ पासून फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या रोगाच्या टप्प्यांतही हे गट धरले जातात. गट कोणता, हे मुख्यतः डीएनएवरून कळतं. आरएनए सांगतो की त्या पेशीत आत्ता कोणती जनुकं कामाला लागली आहेत. इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुक मंदावलं असेल, तर रोग जास्त आक्रमक असण्याची शक्यता असते. आरएनएच्या या चाचण्या अजून रोजच्या वापरात नाहीत, पण संशोधन जोरात आहे.

आणि इथेच माझा जीव तुटतो. डीएनए म्हणजे तूप, फडताळात टिकतं. आरएनए म्हणजे धारोष्ण दूध. तापवायला उशीर झाला की नासलं, मग शेगडी कितीही भारी असो! इथलं तापवणं म्हणजे फॉर्मालिन, पेशी टिकवणारं द्रावण. तेही तळापर्यंत पोचायला हवं. फॉर्मालिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. अख्खी पिशवी न उघडता छोट्या बरणीत कोंबली, तर गाठ असते आत, तिथे ते वेळेत पोचत नाही. पिशवी उघडलेली हवी आणि फॉर्मालिन तिच्या दसपट हवं. कधी कधी तर बरणीत फॉर्मालिनऐवजी नुसतं सलाईन असतं!

म्हणून मुद्दा सांगते. आपल्याकडे ती बरणी बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हाती देतात. दादा, ताई, ती घरी नेऊन सकाळपर्यंत ठेवू नका. "फॉर्मालिन घातलंय का? पिशवी उघडली आहे का?" एवढं तिथेच विचारा. त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. आणि पुढे गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक परत मिळाला, तर रिपोर्टसोबत सावलीत जपून ठेवा.