डेक: बर्फ, बंदर आणि पंधरा सेंट

आज जरा थंडीत जाऊ या. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, डुलूथला.

कंपनीने ऑनसाइट पाठवलं तेव्हा मी मिनिआपोलिसमध्ये दोन हिवाळे काढले. तिथून डुलूथ साधारण २५० किलोमीटर. हायवे टेकडीवरून खाली उतरतो आणि समोर एकदम लेक सुपिरियर. म्हणायला तलाव, पण बघितल्यावर तोंडातून 'समुद्र'च निघतं. आणि बंदराच्या काठाला मोठमोठ्या इमारतींचा एक पुंजका. डुलूथ एन्टरटेनमेंट कन्व्हेन्शन सेंटर. गावातले लोक नुसतं 'डेक' म्हणतात. १९६६ मध्ये सुरू झालेलं.

इथे आइस हॉकी, परिषदा, प्रदर्शनं, कॉन्सर्ट, सिम्फनी, सगळं चालतं. एल्विस प्रेस्ली इथे गाऊन गेलाय. खरं सांगायचं तर 'ऑल इन वन' म्हटलं की मला शंका येते. आमच्या धंद्यात असं ॲप बहुतेक वेळा काहीच धड करत नाही. पण बर्फाचं इंजिनिअरिंग बघितलं आणि गप्प बसलो. खाली काँक्रीट, त्यात पाइपांचं जाळं, त्यातून शून्याच्या बराच खाली गार केलेलं द्रव फिरतं. वर बर्फाचा थर किती? जेमतेम इंचभर! कॉन्सर्ट असली की अशा रिंकवर उष्णतारोधक फळ्या अंथरतात. तुम्ही वर नाचताय, आणि पायाखाली बर्फ तसाच. हॉकीच्या मधल्या वेळेत झॅम्बोनी नावाची गाडी येते, बर्फ तासते आणि मागे चक्क गरम पाणी सोडते. गरम पाण्याने वरचा थर किंचित वितळतो, ओरखडे भरतात, मग सगळं एकजीव गोठतं. सामन्याइतकाच मी तो प्रकार बघत बसलो होतो.

आता मुद्द्याचं. जुनं अरीना अपुरं पडायला लागलं, नवं हवं होतं. खर्च जवळपास ८ कोटी डॉलर, आणि शहराची वस्ती सुमारे ८७ हजार! राज्याने हात दिला, पण शहराचा वाटा कुठून आणायचा? २००८ मध्ये लोकांचं मत घेतलं: हॉटेलातल्या खाण्यापिण्यावर पाऊण टक्का जादा कर चालेल का? लोक 'हो' म्हणाले. ३० डिसेंबर २०१० ला ॲमसॉइल अरीना उघडलं, हॉकीसाठी साडेसहा हजारांवर खुर्च्या. जुनं पाडलं नाही, तेही वापरात ठेवलं.

यावर माझ्या मनात आलंच, की ज्याला हॉकीत काडीचा रस नाही, त्याने सूप पिताना हा कर का भरावा? प्रश्न रास्त आहे. पण डेकमध्ये येतं कोण, तेही बघा. इथल्या विद्यापीठाच्या 'बुलडॉग्ज' मुलींनी २००३ चं राष्ट्रीय विजेतेपद याच डेकमध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढे जिंकलं. सलग तिसरं! मुलांच्या संघाने पहिलं विजेतेपद नवं अरीना उघडल्यावर चारच महिन्यांत, २०११ मध्ये मिळवलं. गावचा कर्लिंग क्लबही इथेच. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारा जॉन शूस्टर याच क्लबचा. जूनमध्ये बर्फाचा विषयच नसतो, तेव्हा ग्रॅंडमाज मॅरेथॉनचे धावपटू इथे येऊन नंबर घेतात. शेजारी 'विल्यम ए. अर्विन' हे १८६ मीटर लांबीचं जुनं खनिजवाहू जहाज म्युझियम म्हणून उभं आहे. म्हणजे बाहेरचा मोठा कलाकार नाही आला, तरी डेकला कुलूप लागत नाही.

आणि कुलूप म्हटलं की मला आमच्या तालुक्याचं क्रीडा संकुल आठवतं. उद्घाटनाला आम्हा शाळेच्या पोरांना उन्हात उभं केलं होतं. नंतर आत जायचं तर वॉचमन म्हणायचा, "साहेबांची चिठ्ठी आणा." आम्ही बाहेरच्या पार्किंगमध्येच क्रिकेट खेळलो. ते बांधताना आमच्या वडिलांना कुणी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

डुलूथला त्या रात्री मॅच संपल्यावर वाइल्ड राइसचं सूप घेतलं. बाहेर उणे वीस, दाढी गोठलेली. बिल आलं, साधारण वीस डॉलर. मी सवयीने मोबाइलवर हिशेब केला. पाऊण टक्का म्हणजे पंधरा सेंट.